सर अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिनचा शोध आणि त्यासोबतचा इशारा

घरातील औषधांचा डबा उघडला, तर ताप-डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी एखादी अर्धवट राहिलेली प्रतिजैविकाची पट्टी बहुधा सापडतेच. मूल वसतिगृहाकडे परत निघाले की चिवड्या-लाडवांच्या डब्याबरोबर तीच पट्टी त्याच्या बॅगेत जाते. घसा धरला, ताप आला, तर जवळ असावी, एवढाच मायेचा विचार त्यामागे असतो. त्या पट्टीतील औषधाचे मूळ शोधत मागे गेलो, तर आपण लंडनमधील एका रुग्णालयाच्या लहानशा प्रयोगशाळेत, एका मितभाषी स्कॉटिश डॉक्टरांपाशी पोहोचतो. त्यांचे नाव सर अलेक्झांडर फ्लेमिंग. शालेय पाठ्यपुस्तकात पेनिसिलिनचे शोधक म्हणून त्यांची ओळख दोन ओळींत संपते. मात्र ज्यांनी हे औषध जगाला दाखवले, त्यांनीच ते कसे वापरू नये हेही अगदी आरंभी सांगून ठेवले होते, ही गोष्ट त्या दोन ओळींत मावत नाही. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर त्यांचे चरित्र ठेवताना हा दुसरा भाग विसरून चालणार नाही.

बालपण आणि शिक्षण

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतवाडीवर झाला. वडील ह्यू हे शेतकरी. उतारवयात त्यांनी दुसरा विवाह केला होता आणि त्या विवाहातील चार अपत्यांपैकी अलेक्झांडर हे तिसरे. ते सात वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. त्यानंतर आई ग्रेस आणि थोरले सावत्र बंधू यांनी शेती व घर सांभाळले. माळरान, ओढे, मेंढ्या आणि पक्ष्यांची घरटी यांच्यात हे मूल वाढले. शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट करावी लागे. बारीक गोष्टी न्याहाळण्याची जी सवय पुढे त्यांना उपयोगी पडली, ती याच माळरानावर लागली असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ते लंडनला आले. तेथे त्यांचे थोरले बंधू टॉम डॉक्टरी करीत होते. काही काळ शिक्षण घेतल्यावर घरची परिस्थिती पाहून त्यांना एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी पत्करावी लागली. चार वर्षे त्यांनी ही नोकरी केली. पुढे एका काकांच्या निधनानंतर वारशाची थोडी रक्कम हाती आली आणि बंधूंच्या सल्ल्याने त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. १९०१ साली त्यांनी लंडनच्या पॅडिंग्टन भागातील सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. या महाविद्यालयाची निवड करण्याचे कारण मजेशीर होते. त्याच्या संघाविरुद्ध ते पूर्वी वॉटर पोलोचा सामना खेळले होते, तेवढाच काय तो परिचय.

१९०६ साली ते पदवीधर झाले. शस्त्रक्रियेकडे वळण्याचा त्यांचा विचार होता. परंतु ते उत्तम नेमबाज होते आणि रुग्णालयाच्या नेमबाजी संघाला त्यांना गमवायचे नव्हते. त्यांना तेथेच थांबवून घेण्यासाठी सर ऑल्मरोथ राइट यांच्या प्रयोगशाळेतील जागा सुचवली गेली. अशा योगायोगाने त्या प्रयोगशाळेत शिरलेले फ्लेमिंग युद्धाची वर्षे सोडली तर आयुष्यभर तेथेच रमले.

युद्धातील जखमांनी दिलेला धडा

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्लेमिंग लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि फ्रान्समधील बुलोन्य येथील रुग्णालयात काम करू लागले. गोळी लागून मरणाऱ्यांच्या बरोबरीने जखम चिघळून मरणारे जवान ते रोज पाहत होते. त्या काळी जखमेवर तीव्र जंतुनाशके ओतण्याची पद्धत होती. फ्लेमिंग यांनी तपासणी करून दाखवले की वरवरच्या जखमेला ही द्रव्ये उपयोगी पडली, तरी खोल आणि वेड्यावाकड्या जखमेच्या कोपऱ्यांत ती पोहोचतच नाहीत. हे पटवण्यासाठी त्यांनी काचेच्या नळीला टोकदार फाटे काढून जखमेची प्रतिकृती केली होती. याहून गंभीर बाब अशी की ही जंतुनाशके जंतूंआधी रुग्णाच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी मारून टाकीत. ज्या पेशी जंतूंशी लढतात, त्याच नाहीशा झाल्या की जखम अधिक बिघडे.

औषध जोरदार असले म्हणजे ते गुणकारी असतेच असे नाही, ही जाणीव त्यांना येथे झाली. शरीराला इजा न करता केवळ जंतूंना मारील असे काही मिळेल का, हा प्रश्न मनात घेऊन ते युद्धानंतर लंडनला परतले.

१९२१ साली या प्रश्नाचे पहिले, अपुरे उत्तर मिळाले. सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्याच नाकातील स्राव जीवाणूंच्या बशीत टाकून पाहिला. काही जीवाणू त्यात विरघळून गेले. अश्रू, लाळ आणि अंड्याचा पांढरा बलक यांतही हे द्रव्य आढळले. त्याला त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले. प्रयोगांसाठी अश्रू हवेत म्हणून सहकारी आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळला जाई. लायसोझाइम घातक जंतूंवर फारसे चालत नसे, त्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. तरी शरीराला निरुपद्रवी आणि जंतूंना मारक असे द्रव्य निसर्गात असू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

सप्टेंबर १९२८

१९२८ साली फ्लेमिंग स्टॅफिलोकोकस या जीवाणूंचा अभ्यास करीत होते. गळवे, पू आणि रक्तदोष यांस हे जीवाणू कारणीभूत होतात. उन्हाळ्याच्या सुटीवर जाताना त्यांनी जीवाणू वाढवलेल्या काचेच्या बशा टेबलाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्या. त्यांचे टेबल नीटनेटके नसे, हे त्यांचे सहकारी जाणून होते. ३ सप्टेंबर रोजी परतल्यावर ते एकेक बशी पाहत गेले. एका बशीत बुरशी आली होती. बशीत बुरशी येणे यात नवल नव्हते. अशा बशा रोज फेकल्या जात. नवल होते ते बुरशीभोवतीच्या जागेचे. दूरवरचे जीवाणूंचे ठिपके जसेच्या तसे होते, परंतु बुरशीच्या जवळचे ठिपके विरून गेले होते.

फ्लेमिंग यांनी ती बशी जपून ठेवली, बुरशी वेगळी करून वाढवली आणि ती ज्या द्रवात वाढत होती तो द्रव गाळून त्याची परीक्षा केली. तो कितीतरी पट पातळ केला तरी स्टॅफिलोकोकसची वाढ थांबत होती. घशाचे, फुफ्फुसदाहाचे, घटसर्पाचे जंतूही त्याला बळी पडत. दुसरीकडे काही जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होत नव्हता, हेही त्यांनी तितक्याच काळजीने नोंदवले. सशाला आणि उंदराला तो टोचला तरी अपाय झाला नाही. पांढऱ्या पेशीही शाबूत राहिल्या. बुलोन्यच्या रुग्णालयात ज्याची उणीव भासली होती, ते हेच होते. ही बुरशी पेनिसिलियम कुळातील असल्याने मार्च १९२९ मध्ये त्यांनी त्या द्रव्याला पेनिसिलिन असे नाव दिले आणि त्याच वर्षी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला.

हे औषध सगळ्या जंतूंवर चालत नाही, हे त्या पहिल्याच निबंधात आहे. प्रतिजैविक म्हणजे कोणत्याही तापावरचा रामबाण नव्हे, हे त्याच्या जन्माबरोबरच सांगितले गेले होते.

प्रतीक्षेची वर्षे आणि ऑक्सफर्डचे संशोधक

यापुढची कथा एकट्या फ्लेमिंग यांची नाही, आणि तसे त्यांनीही कधी म्हटले नाही. पेनिसिलिन शुद्ध करणे त्यांना व त्यांच्या साहाय्यकांना साधले नाही. ते द्रव्य फार नाजूक होते आणि हाती येता येता नाहीसे होई. दहा वर्षे या शोधाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. तथापि त्या काळात फ्लेमिंग यांनी एक गोष्ट नेमाने केली. ती बुरशी त्यांनी जिवंत ठेवली आणि मागेल त्या प्रयोगशाळेला तिचा नमुना दिला. असाच एक नमुना ऑक्सफर्ड विद्यापीठात जाऊन पोहोचला होता.

तेथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पेनिसिलिन शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते आणि औषध दिलेले चारही जिवंत होते. बुरशी वाढवण्यासाठी पुरेशी भांडी नसल्याने हीटली यांनी रुग्णालयातील बेडपॅनसुद्धा कामाला लावले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायावर पहिला मोठा प्रयोग झाला. चेहऱ्यावरील जखम चिघळून तो मरणाच्या दारात होता. पेनिसिलिन सुरू करताच ताप उतरला, भूक लागली, जखमा भरू लागल्या. पण पाचच दिवसांत औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत प्रयत्न झाले. तरीही साठा पुरला नाही, जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि मार्च महिन्यात तो शिपाई दगावला. आराम पडला म्हणजे रोग गेला असे नाही, याचे इतके करुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्याला पुरेसे औषध मिळाले नाही, कारण ते जगात कोठेच नव्हते.

त्यानंतर फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत गेले. तेथे मक्यापासून पीठसत्त्व काढताना उरणारा द्रव वापरून आणि मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून उत्पादन अनेक पटींनी वाढवण्यात आले. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत हजारो जखमी सैनिकांचे प्राण त्यामुळे वाचले.

कीर्ती आणि एक खोटी कथा

ऑगस्ट १९४२ मध्ये फ्लेमिंग यांच्या परिचयातील एका गृहस्थांना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. सर्व उपाय थकले होते. फ्लेमिंग यांनी फ्लोरी यांच्याकडे पेनिसिलिन मागितले आणि फ्लोरी यांनी आपल्याजवळचा साठा त्यांना दिला. रक्तात दिलेले औषध मेंदूभोवतीच्या द्रवात पुरेसे पोहोचत नाही हे तपासून पाहिल्यावर फ्लेमिंग यांनी ते मणक्यातून टोचले. रुग्ण बरा झाला. ही वार्ता वृत्तपत्रांत झळकली आणि फ्लेमिंग यांचे नाव घरोघर पोहोचले. १९४४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९४५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना विभागून देण्यात आले.

कीर्तीबरोबर दंतकथाही आल्या. त्यांतली एक आजही आपल्या मोबाइलवर फिरत असते. फ्लेमिंग यांच्या शेतकरी वडिलांनी चिखलात बुडणाऱ्या चर्चिल यांना वाचवले, चर्चिल यांच्या वडिलांनी कृतज्ञतेपोटी फ्लेमिंग यांचे शिक्षण केले आणि पुढे त्याच फ्लेमिंग यांच्या पेनिसिलिनने चर्चिल यांचा न्यूमोनिया बरा केला, असे ती सांगते. ऐकायला गोड असली तरी ती खरी नाही. स्वतः फ्लेमिंग यांनी ती नाकारली होती. त्यांचे शिक्षण काकांच्या वारशावर, शिष्यवृत्तीवर आणि कष्टावर झाले, तर चर्चिल यांना १९४३ साली सल्फा वर्गातील औषध दिले गेले होते. एखाद्या धनिकाच्या उपकाराविना, कारकुनी सोडून अभ्यासाला लागलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची खरी कथा आपल्या विद्यार्थ्यांना त्या दंतकथेपेक्षा अधिक बळ देणारी आहे.

सन्मानाच्या व्यासपीठावरून इशारा

११ डिसेंबर १९४५ रोजी फ्लेमिंग यांनी स्टॉकहोम येथे नोबेल व्याख्यान दिले. साऱ्या जगाला पेनिसिलिन चमत्कार वाटत होते. अशा वेळी शोधाचे गोडवे गाऊन थांबणे सोपे होते. फ्लेमिंग यांनी व्याख्यानाच्या शेवटी वेगळाच विषय काढला. जंतूंना मरण्यास अपुऱ्या पडणाऱ्या मात्रेत पेनिसिलिन देत राहिले, तर ते त्याला सरावतात, हे प्रयोगशाळेत सहज करून दाखवता येते, असे त्यांनी सांगितले. माणसाच्या शरीरातही असे घडू शकते, हे समजावण्यासाठी त्यांनी एक कल्पित कुटुंब उभे केले. घसा दुखतो म्हणून पती स्वतःच पेनिसिलिन आणून थोडेसे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट ते औषध पचवायला शिकतात. तेच जंतू पत्नीला जडतात आणि तिला न्यूमोनिया होतो. तिच्यावर पेनिसिलिनचे उपचार होतात, पण आता ते लागू पडत नाही आणि ती मरण पावते. पतीच्या निष्काळजीपणाची किंमत पत्नीला मोजावी लागते. घ्यायचे असेल तर पुरेसे घ्यावे, हे त्याचे तात्पर्य.

या इशाऱ्याला आधार होता. ऑक्सफर्डमध्येच चेन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड अब्राहम यांनी १९४० साली दाखवले होते की काही जीवाणू पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. औषध रुग्णांपर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्यावरील जंतूंचे शस्त्र माहीत झाले होते. व्याख्यानाला तीन वर्षेही झाली नव्हती तोच, १९४८ मध्ये, लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात आढळणाऱ्या स्टॅफिलोकोकसपैकी निम्म्याहून अधिक जंतूंवर पेनिसिलिन चालेनासे झाले होते.

अखेरची वर्षे आणि पिंपरीचा कारखाना

फ्लेमिंग यांची राहणी शेवटपर्यंत साधी राहिली. ते मोजके बोलत. फावल्या वेळी रंगीत जीवाणू वाढवून त्यांची चित्रे काढण्याचा त्यांना छंद होता. पेनिसिलिनवर त्यांनी व्यक्तिगत पेटंट घेतले नाही. हे द्रव्य निसर्गाने बनवले, आपल्याला ते फक्त दिसले, अशी त्यांची भूमिका असे आणि त्याचे औषध करण्याचे श्रेय ते ऑक्सफर्डच्या संशोधकांना देत. १९१५ साली त्यांनी सारा मॅकेलरॉय या परिचारिकेशी विवाह केला होता. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५३ साली ग्रीक जीवाणुशास्त्रज्ञ अमालिया कुत्सुरी-व्होरेका यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत.

ज्या वर्षी फ्लेमिंग गेले, त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तोवर हे औषध परदेशातून आणावे लागे आणि गरिबाला ते परवडत नसे. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक डॉ. साहिब सिंग सोखे यांच्यासारखे जाणते लोक औषधे देशातच बनली पाहिजेत, असा आग्रह धरीत होते. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने भारत सरकारने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन केली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरील औषध शोधले. त्या सूक्ष्मजीवाला पिंपरीचेच नाव मिळाले आहे. पुढे औषधनिर्मितीचे कारखाने आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातही आले. प्रतिजैविक दुर्मिळ होते तेव्हा ते मिळवणे हा प्रश्न होता. आज ते नाक्यावरच्या दुकानात मिळते, आणि प्रश्न ते जपून वापरण्याचा आहे.

जोड-औषध कशासाठी आले

पेनिसिलिन कुळातील नवी औषधे पुढे येत गेली. अमॉक्सिसिलिन हे त्यांपैकी एक. पण पेनिसिलिनचे तुकडे करणारे जंतूंचे विकर त्यालाही तोडत असे. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांनी एका सूक्ष्मजीवापासून क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिळवले. ते स्वतः जंतूंना फारसे मारत नाही. ते त्या विकराला जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते. मग अमॉक्सिसिलिनला आपले काम करायला वाट मिळते. या दोहोंचे जोड-औषध १९८१ साली इंग्लंडमध्ये बाजारात आले. आपण दुकानात ज्याला सहाशे पंचवीसची गोळी म्हणतो, ती हीच. तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. म्हणजे ही गोळी साधी पेनिसिलिन हरल्यानंतर केलेली तजवीज आहे. तीही हरली, तर पुढची औषधे अधिक महाग, अधिक त्रासदायक आणि बहुधा रुग्णालयात राहूनच घ्यावी लागणारी असतात.

फ्लेमिंग यांच्या वारसदारांनी काय पाळावे

फ्लेमिंग यांचा इशारा आपल्या घरात उतरवायचा, तर काही गोष्टी सर्वांनी मनाशी पक्क्या कराव्यात.

सर्दी-पडसे, फ्लू आणि डेंग्यू हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांच्यावर हे औषध चालत नाही. मलेरियावरही ते चालत नाही, कारण तो परोपजीवीचा आजार आहे. पावसाळ्यात आपल्या नवी मुंबईत ताप आला की आधी रक्ततपासणी व्हावी. घरातली पट्टी उघडून घालवलेले दोन दिवस कधी महागात पडतात. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर रागावू नये.

मात्रा आणि दिवस डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून स्वतःहून थांबू नये आणि बरे वाटावे म्हणून स्वतःहून लांबवूही नये. एखादी वेळ चुकली, तर आठवताच ती गोळी घ्यावी. मात्र पुढची वेळ जवळ आली असेल, तर दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. तीनशे पंचाहत्तरच्या दोन गोळ्या म्हणजे सहाशे पंचवीसची एक गोळी नव्हे. दोन्ही प्रकारच्या प्रत्येक गोळीत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १२५ मिलिग्रॅमच असते. त्यामुळे दोन लहान गोळ्यांतून ते दुप्पट जाते आणि पोट बिघडते. हे औषध जेवणाच्या सुरुवातीला घेतल्यास पोटाला त्रास कमी होतो. लहान मुलांचे पातळ औषध उकळून थंड केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावे, प्रत्येक वेळी बाटली हलवून मापाच्या टोपणानेच द्यावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि लेबलवरील मुदतीनंतर उरलेले टाकून द्यावे. स्वयंपाकघरातील चमचा हे माप नव्हे.

पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली असेल, तर ती गोष्ट प्रत्येक डॉक्टरांना न विचारता सांगावी. मूल वसतिगृहात असेल, तर शाळेकडेही लेखी कळवावी. गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसताच औषध बंद करून तातडीने रुग्णालय गाठावे. याच औषधाने पूर्वी कावीळ झाली असेल, तर ते पुन्हा घेऊ नये. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. थोडे जुलाब होणे नेहमीचे आहे, परंतु जुलाब तीव्र झाले किंवा त्यातून रक्त पडू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही डोळे पिवळे दिसू लागले, तर या औषधाचा उल्लेख करायला विसरू नये.

उरलेली गोळी शेजाऱ्याला, भावंडाला किंवा खोलीतल्या मित्राला देऊ नये. वसतिगृहात पन्नास मुले एका छताखाली झोपतात, एकाच पंगतीत जेवतात. एकाच्या घशातील जंतू औषधाला सरावले, तर ते त्याच्यापुरते राहत नाहीत. आईने मायेने दिलेली पट्टी तिच्या मुलाबरोबर शेजारच्या खाटेवरील मुलाचेही भवितव्य ठरवत असते. म्हणून बॅगेत गोळ्यांऐवजी मुलाच्या ॲलर्जीची आणि पूर्वीच्या आजारांची चिठ्ठी द्यावी आणि आजारपणाचा निर्णय शाळेच्या डॉक्टरांवर सोपवावा.

फ्लेमिंग यांनी एक बुरशी लागलेली बशी फेकून न देता नीट पाहिली, तिच्यातील बुरशी वर्षानुवर्षे जिवंत ठेवली आणि मागेल त्याला दिली. पुढच्या पिढ्यांसाठी ते औषध टिकून राहावे, एवढीच काळजी सन्मानाच्या दिवशीही त्यांच्या मनात होती. आज आपल्या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेते असतील, काही औषधांच्या कारखान्यांत काम करीत असतील, आणि बाकीचे सारे केव्हा ना केव्हा रुग्ण किंवा रुग्णाचे पालक असतील. या प्रत्येकाच्या हातात त्या औषधाचा थोडा वाटा आहे. घरी परतल्यावर औषधांचा डबा उघडावा, त्यातली अर्धवट पट्टी बाजूला काढावी आणि पुढच्या वेळी गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. फ्लेमिंग यांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत नाही.